सावंगीच्या रांगेतले गोटे

वर्ध्याहून परत आल्यापासून फलटणातला जो तो मला एकच विचारतो, आश्रम पाहिला का, पवनारला गेला होता का. गेलो होतो. दोन्हीकडं चप्पल काढून हात जोडले, झाडाखाली तासभर बसलो. त्या जागांबद्दल माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहायला बसलोय ते सावंगीतल्या एका चार्जिंग स्टेशनबद्दल, आणि रागात बसलोय. सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, राग उतरला की लिहा. तिला म्हटलं, राग उतरायची वाट बघत बसलो तर लिहायचंच राहून जाईल.

आधी माझी ओळख सांगतो, कारण पुढं तिचा संबंध येतो. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. सगळी नोकरी कालव्याच्या कडेनं मोटारसायकल फिरवण्यात गेली. काम एकच, पाण्याची पाळी सांभाळायची. आमच्याकडं नियम असा की कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला ज्याचं शेत, त्याला पाणी आधी. मग एकेक करत वर यायचं. याला आम्ही टेलकडून हेडकडं म्हणायचो. वरच्याला आधी दिलं तर तो हात सैल सोडून पितो आणि खालच्यापर्यंत ओल पोचत नाही. पाळी मोडून कालव्याचं दार उचलणाऱ्याला मी कधी सोडलं नाही. एकदा सुमनच्या सख्ख्या भावाचा पंचनामा केला. ती दिवाळी मी कशी काढली ते माझं मला माहीत.

तर असा मी, पाळीचा कैवारी. मुलगा निखिल पुण्यात असतो. त्यानं नवी विजेवरची गाडी घेतली आणि म्हणाला, बाबा, आठवडाभर घेऊन जा, आईला फिरवून आणा. माझ्या मोबाइलमध्ये चार्जिंगचं ॲप घालून दिलं, त्यात नंबर मात्र स्वतःचा टाकला, कारण पैसे त्याच्या खात्यातून जाणार होते. संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाला आणि आम्ही निघालो.

देवळी, मंगळवार

यवतमाळ सोडलं की डोळ्यांना मोकळं वाटायला लागतं. आमच्याकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा, लांबचं काही दिसत नाही. इथं काळी जमीन पार टोकापर्यंत दिसते. तूर कापणीला आलेली, कपाशीत बायका वाकून वेचत होत्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. बाजारला जाणाऱ्या गाड्यांतून उडून बसलेले. सुमननं गाडी थांबवायला लावून एक पुंजका काढला, वात वळायला.

देवळीत नाश्ता केला. आलूबोंडा मागितला तर हॉटेलवाल्यानं तो वाटीत कुस्करला आणि वरून झणझणीत रस्सा ओतला. आमच्याकडं वडा हातात धरून खायची गोष्ट आहे, इथं ती चमच्यानं खायची. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलवाला हसून म्हणाला, "पानी प्या, बाप्पा. तर्री जराशी जास्त झाली वाटते."

गाडीत वीज कमी उरली होती. त्याला विचारलं, पुढं चार्जिंग कुठं आहे.

"सावंगीले हाये ना जी. मोठ्या दवाखान्यापाशी. पन तिथी ऑटोवाल्याइची लाइन राह्यते."

मी मोबाइल काढला. बाकड्यावर बसल्या बसल्या दोनदा बोट फिरवलं आणि सावंगीची अकराची वेळ माझ्या नावावर झाली. पडदा त्याच्यापुढं धरला. म्हटलं, आम्हाला लाइन नाही, आमचं बुकिंग आहे.

"मंग त काय," तो म्हणाला, "तुमी राजे."

मला वाटलं कौतुक करतोय.

सावंगी, तोच मंगळवार

सावंगी (मेघे) वर्ध्याला चिकटूनच आहे. पांढरे कोट घातलेली पोरं-पोरी, औषधांची दुकानं, हातात एक्स-रेची पाकिटं घेतलेले नातेवाईक, आणि हे सगळं एका टपरीवर एकत्र चहा पीत असतं. चार्जिंगची जागा हॉस्पिटलपासून हाकेच्या अंतरावर. वर पत्रे, खाली फरशी. एका भिंतीवर जुना बोर्ड, त्यावर तीन पिनचे तीन मोठे सॉकेट. तिन्हींत वायरी खोचलेल्या आणि तीन इलेक्ट्रिक ऑटो उभ्या. आणखी दोन मागं ताटकळत. दुसऱ्या बाजूला चकचकीत नवं मशीन, त्याला जाड नळीची गन. दर्शनी पाटी मोठ्या अक्षरांत: सर्व विद्युत वाहनांसाठी सार्वजनिक चार्जिंग केंद्र. ही पाटी लक्षात ठेवा.

नव्या मशीनपुढं जायच्या वाटेत पाच गोटे एका ओळीत ठेवलेले होते. नारळाएवढे, पांढऱ्या रंगात गावांची नावं लिहिलेले. पहिल्यावर अल्लीपूर. मग पुलगाव, देवळी, वायगाव, शेवटी सेलू. मला वाटलं, कुणाचं तरी बांधकामाचं काही असेल. उतरलो, एकेक उचलून भिंतीकडेला टाकले आणि गाडी आत घेतली.

खुर्चीवर बसलेला पहारेकरी उठून आला. पन्नाशीचा माणूस, गजाननभाऊ त्याचं नाव. "साहेब, ते गोटे..." असं म्हणाला. मी मोबाइलचा पडदा दाखवला. तो परत जाऊन खुर्चीवर बसला. मी गन गाडीला लावली, ती टक्क करून आतून लॉक झाली. भिंतीवरच्या बोर्डाकडं मी तेव्हा पाहिलं नाही. आता त्या न पाहण्याचं मला फार वाईट वाटतं.

गाडी भरेपर्यंत थांबायचं कशाला, म्हणून आम्ही दुसऱ्या एका साध्या ऑटोनं वर्ध्यात गेलो. लॉजवर सामान टाकलं. पाटवडीचा रस्सा आणि भाकर जेवलो. सुमननं गोरसपाक, म्हणजे इथली तुपातली बिस्किटं, घेतली, खादीचे दोन टॉवेल घेतले, मग आणखी दोन घेतले. गाडी एव्हाना भरून कधीच तयार असणार हे मला माहीत होतं. पण बुकिंग माझं, गाडी माझी, घाई कुणाला? सावंगीत परतलो तेव्हा तीन वाजले होते.

पाचही ऑटो तिथंच होत्या. माझ्या गाडीजवळ एक बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली, अंगावर नऊवारी नाही की पंजाबी नाही, साधी पाचवारी कमरेला खोचलेली, त्यावर पुरुषाचा खाकी शर्ट. पुढं कळलं, त्या कुंदाबाई, अल्लीपूरच्या, आणि त्या पहिल्या ऑटोच्या मालकीणही त्याच, ड्रायव्हरही त्याच.

"हे गाडी तुमची व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग काढा जी आता. चार घंटे झाले."

आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मीही चढवला असता. मी म्हटलं, तुमची ऑटो तर तिकडं सॉकेटला लागलीय, माझ्या गाडीची तुम्हाला काय अडचण?

त्यांनी बोर्डाकडं बोट केलं. तिन्ही सॉकेटवरचे दिवे विझलेले होते.

"तुमची गन लागली का आमच्या पिना बंद पडते. मशीनच करते तसं. साडेदहाले म्या ऑटो लावली, चाळीस टक्के होती. अकराले तुमी आले. पंचेचाळीसवर थांबली ते थांबली."

मी गजाननभाऊंकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "मले काही करता येत नाई, साहेब. आपल्या हाती काहीच नाई. गन गाडीले लॉक राह्यते. हेल्पलाइनवाले म्हनते, ग्राहकाचं सेशन चालू हाये, हात लावू नोका. तुमचा नंबर मांगतला, त त्याइनं पुन्याचा देला. थो बी कोनी उचलत नाई."

निखिलचा नंबर. निखिल मीटिंगमध्ये.

मग मी कुंदाबाईंच्या ऑटोत पाहिलं. मागच्या सीटवर त्यांचे यजमान रामदासभाऊ पाय पोटाशी घेऊन आडवे पडले होते. दंडाला पांढरी पट्टी. त्यांच्या शेजारी कोपऱ्यात अंग चोरून त्याच गावचे म्हातारे नामदेवराव बसलेले, त्यांनाही तशीच पट्टी. दोघांच्याही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सावंगीत डायलिसिस. एसटीच्या वेळा जुळत नाहीत, आणि चार तास मशीनवर पडून आलेल्या माणसाला उभ्यानं बसप्रवास झेपत नाही, म्हणून कुंदाबाईंनी भाजीच्या पैशांतून ही ऑटो घेतली. जुनी, दुसऱ्याची वापरलेली. भरल्या बॅटरीवर ती पन्नास किलोमीटर जाते. अल्लीपूर तीस. म्हणजे डायलिसिस चालू असताना ऑटो भरली तरच परत जाता येतं. घर गाठायला साठ टक्के लागतात. होते पंचेचाळीस.

आणि मी पाटवडी खात होतो.

"आनि आमचे गोटे कोनं फेकले?" कुंदाबाईंनी विचारलं. "तुमीच ना?"

गोटे म्हणजे पाळी. पाचही ऑटो दवाखान्याच्या पेशंटच्या. सॉकेट तीन. म्हणून त्यांनी आपसात ठरवून गावागावाचे गोटे रंगवले होते. मी, ज्यानं मेव्हण्याचा पंचनामा केला, त्या मी दिवसाढवळ्या पाच जणांची पाळी उचलून भिंतीकडेला टाकली होती. आणि पंचनामा करायला तिथं कुणी नव्हतं.

सुमन माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती थेट कुंदाबाईंना म्हणाली, "ताई, हे या दोघांना आमच्या गाडीतून घरी सोडतील. ऑटो भरेपर्यंत मी थांबते तुमच्याबरोबर." मला विचारलं नाही. मला विचारावं अशी माझी लायकी त्या वेळी नव्हतीच.

मी गन काढली आणि भिंतीवरचे तीन दिवे पुन्हा लागले. रामदासभाऊंना मागच्या सीटवर निजवलं, नामदेवराव पुढं बसले. वाटेत रामदासभाऊ दोनदा म्हणाले, "सीट खराब होईन जी तुमची." एकदा पाणी मागितलं. मी बाटली दिली तर टोपणात घोटभर ओतून घेतलं, तेवढंच प्यायले आणि बाटली परत केली. त्यांना दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं. आयुष्यभर मी पाणी मोजून दिलं, पण असं मोजून पिणारा माणूस पाहिला नव्हता.

अल्लीपूर, बुधवार

आदल्या संध्याकाळी सुमन ऑटोतून तीस किलोमीटर हवा खात अल्लीपूरला पोचली आणि उतरता उतरता दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण घेऊन मोकळी झाली. मला जायला तोंड नव्हतं. गेलो.

अल्लीपूर गाव मोठं आहे. कुंदाबाईंचं शेत गावालगत. वांगी, पालक, मेथी आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सुमनला आदल्या दिवशीच कळलं होतं आणि ती मला पुन:पुन्हा ऐकवत होती. लांब हिरव्या वांग्यांचं तुराट्यांच्या जाळावर भाजलेलं भरीत, जवसाची चटणी, ज्वारीची भाकर. भरितात कच्चं तेल वरून सोडलेलं. आमच्याकडं भरितात दही घालतात. दही घातलं तर काय होतं, असं मी विचारलं, तर कुंदाबाईंच्या सासूबाई म्हणाल्या, "काऊन नासवता जी चांगल्या वांग्याले?"

जेवण झाल्यावर रामदासभाऊ खाटेवर उठून बसले. आदल्या दिवसापेक्षा चेहरा उजळ होता. मी त्यांना माझ्या नोकरीबद्दल सांगितलं, टेलकडून हेडकडं कसं ते सांगितलं.

ते म्हणाले, "मंग आमचं बी तेच हाये जी. ज्याचं गाव लांब, त्याचा गोटा पयले. सेलूवाल्याचं गाव जवळ, थो चाळीस टक्क्यातबी पोचते. आमी नाई पोचत."

"हा नियम कुणी सांगितला तुम्हाला?"

"सांगाले कोन पायजे?" कुंदाबाई म्हणाल्या. "दिसते ना."

आमच्या खात्याला हे समजायला नियमावली लागली. पाच ऑटोवाल्यांनी पाच गोट्यांत बसवलं.

सावंगीच्या जागेची गोष्ट त्यांनीच सांगितली. आधी तिथं नुसता तीन सॉकेटचा बोर्ड होता आणि सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवं मशीन आलं. त्याला वीज जास्त लागते. जागेला मंजूर असलेली वीज तेवढीच राहिली. म्हणून गन चालू झाली की मशीन स्वतःच सॉकेट तोडतं. "आंधी आठवड्यात एखांदी कार ये," कुंदाबाई म्हणाल्या. "आता लोकाइनं कारा घेतल्या. रोज कोनी ना कोनी येते. जेवाले जाते, गाडी लावून जाते. चांगले लोक राह्यते जी. तुमच्यासारखे."

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. म्हणूनच जास्त लागलं.

वर्धा, गुरुवार

सुमनला पवनारचा नदीकाठ दाखवला आणि तिला तिथंच बसवून मी हेल्पलाइनला फोन लावला. कारसाठी एक दाबा, दुचाकीसाठी दोन दाबा. तीनचाकीसाठी दाबायला आकडाच नाही. मी एक दाबला.

"सर, आपल्या सेशनमध्ये काही अडचण आली का?"

"नाही. माझ्या गाडीला काहीच अडचण आली नाही. तीच तक्रार आहे."

पलीकडच्या मुलीनं एक लांबलचक तक्रार क्रमांक दिला आणि कॉलला पाचपैकी किती तारे द्याल ते विचारलं.

तिथून या कामाशी संबंधित एका कचेरीत गेलो. कोणती ते लिहीत नाही. टेबलामागच्या साहेबांनी चहा मागवला, खुर्ची दिली, सगळं अदबीनं ऐकून घेतलं. म्हणाले, काका, जागा एकाची, मशीन दुसऱ्याचं, वीज तिसऱ्याची. आणि तंत्रज्ञान पुढं गेलंय, जुनी वाहनं मागं पडणारच.

मी म्हटलं, पुढं जाऊ द्या की. पण कुणाच्या पायावरून गेलं ते कोण बघणार? बाहेर पाटी आहे, सर्व विद्युत वाहनांसाठी. ऑटो विजेवर चालते की नाही?

ते हसले.

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. आदल्या संध्याकाळी अल्लीपूरहून परतताना सावंगीत थांबलो, तेव्हा गजाननभाऊंनी मला हळूच सांगितलं होतं: "गन जराशी हळू केली त पिना बंद नाई पडत. पयल्या दिवशी इंजिनेरानं करून दाखोलं होतं. दोन्ही चालत होतं. मंग वरून फोन आला, थे काढून टाकलं." म्हणजे हे निसर्गाचं बंधन नव्हतं. एक बटण होतं. ते मी साहेबांना विचारलं.

"आहे ती सोय," ते म्हणाले. "पण मग कार भरायला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. लोक ॲपवर तारे कमी देतात."

मी तिथून उठलो. चहा तसाच राहिला. आयुष्यात सरकारी कचेरीतला चहा मी पहिल्यांदाच टाकला. पंधरा-वीस मिनिटं! मंगळवारी माझी गाडी चार तास तिथं निजली होती. तिला पंधरा मिनिटं जास्त लागली असती तर मी आणखी एक टॉवेल घेतला असता. त्या पंधरा मिनिटांसाठी दंडाला पट्टी बांधलेल्या माणसाला सीटवर आडवं टाकून ठेवायचं, आणि त्याला पुढं जाणं म्हणायचं. हे यंत्राचं डोकं नाही. कुणीतरी माणसानं, आमच्यासारख्या गाडीवाल्यांना खूश ठेवायला, शुद्धीवर राहून घेतलेला निर्णय आहे.

सुमनला जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, "मग उद्या तुम्ही काय करणार?" हाच प्रश्न तिनं भावाच्या पंचनाम्याच्या वेळी विचारला होता, तेव्हा धमकी म्हणून. आज तिला खरंच उत्तर हवं होतं.

सावंगी, शुक्रवार

मी अकराची वेळ ॲपवर पुन्हा माझ्या नावावर केली. गाडी मशीनपुढं उभी केली. गोटे मात्र या वेळी स्वतः ओळीत मांडले, अल्लीपूर पहिला. आणि गन लावलीच नाही.

बस, एवढंच. वेळ माझी, जागा माझी, पण वीज सॉकेटला. भिंतीवरचे तिन्ही दिवे चालू. कुंदाबाईंची ऑटो एकेक टक्का चढत होती. मोबाइल दर पाच मिनिटांनी ओरडायचा, गन जोडा, गन जोडा. वेळ रद्द व्हायची, मी पुन्हा घ्यायचो. वायगावचा ऑटोवाला माझ्यासाठी तर्री पोहे घेऊन आला. म्हणाला, "काकाजी, तुमी त आमचे चौकीदार झाले." गजाननभाऊ तेवढ्यापुरते चहाला गेले, म्हणजे त्यांनी काही पाहिलं नाही.

एकच्या सुमाराला एक मोठी पांढरी गाडी आली. मालक माझ्यासारखाच, पोट थोडं सुटलेलं, शर्ट इस्त्रीचा. नागपूरचा. मी गन न लावता उभा आहे हे त्यानं पाहिलं.

"चार्ज करत नसाल तर गाडी काढा."

मी त्याला सॉकेटचं सांगितलं. पेशंटचं सांगितलं. दोघं आत डायलिसिसवर आहेत, हेही सांगितलं. त्याच्या गाडीत किती वीज आहे ते विचारलं. पासष्ट टक्के. नागपूरला जाऊन परत सावंगीला येण्याइतकी.

"ते ठीक आहे, पण तो माझा प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला. "मला जेवायला जायचंय, तेवढ्यात भरून होईल."

मला मंगळवारचा मी दिसला. अगदी तोच, फक्त गाडीचा रंग वेगळा. त्याच्यावर ओरडायचं होतं ते सगळं माझ्यावरच पडलं असतं, तरी मी ओरडलो. चांगला तासभर आमची जुंपली. बघे जमले. शेवटी त्यानं ॲपवर माझी तक्रार केली, आणि काय सांगू, तीनचाकीसाठी ज्या यंत्रणेत आकडा नाही, त्या यंत्रणेनं पंधरा मिनिटांत न्याय केला. माझ्या मोबाइलवर निरोप आला: सार्वजनिक चार्जिंग सुविधेचा गैरवापर केल्याबद्दल आपले खाते स्थगित करण्यात येत आहे.

सार्वजनिक. गैरवापर. मंगळवारी चार तास पाच जणांची वीज तोडली, तेव्हा आभाराचा निरोप आला होता.

मी गाडी काढली. त्यानं गन लावली. तिन्ही दिवे विझले. तेव्हा सव्वादोन झाले होते. कुंदाबाईंची ऑटो सत्त्याहत्तरवर पोचली होती, पुलगाव आणि देवळीही सुटण्याइतके भरले होते. वायगाव आणि सेलू राहिले, पण त्यांची गावं जवळची, म्हणून तर त्यांचे गोटे मागं. वायगाववाला म्हणाला, चालते जी, हळूहळू जाऊ. रामदासभाऊ आणि नामदेवराव बाहेर आले, ऑटोत बसले आणि निघाले. उजेड असताना, वेळेवर, स्वतःच्या ऑटोनं. निघताना कुंदाबाई म्हणाल्या, "उद्या जाच्या आंधी अल्लीपूरले येजा. खाली हातानं नोका जाऊ."

शनिवारी गेलो तर रामदासभाऊंनी एक गोटा रंगवून ठेवला होता. फलटण. "सावंगीले ठेवजो म्हनलं हिले," ते कुंदाबाईंकडं बोट करून म्हणाले. "रांगीत तुमचा बी नंबर पायजे." वांग्यांची पिशवी गाडीत ठेवली, ती वेगळी.

परतीच्या वाटेवर चार्जिंगचं काय, असं वाटेल तुम्हाला. काही अडलं नाही. सुमनच्या मोबाइलवर नवं खातं उघडलं, पाच मिनिटं लागली. ज्यांच्या घरात दोन मोबाइल आणि पुण्यात मुलगा आहे, त्यांना शिक्षा अशीच होते.

फलटण

तक्रार क्रमांक माझ्याकडं जपून ठेवलेला आहे. वरच्या तीन ठिकाणी रजिस्टर पत्रं पाठवली. त्यात एकच मागणी, ते बटण परत फिरवा. गन हळू करा, सॉकेट चालू ठेवा. पोच आली, उत्तर नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजले की मी मोबाइल घेऊन ओट्यावर बसतो आणि कुंदाबाईंना फोन लावतो. कधी त्या म्हणतात, आज कार नाई आली, वाटेत हावो. कधी म्हणतात, आलती.

काल मंगळवार होता. तीन वाजायच्या आतच त्यांचा फोन आला.

"काकाजी, कोनं तरी तुमचा गोटा नालीत फेकला होता जी."

"जाऊ द्या हो."

"जाऊ कसा देऊ? म्या काढला, नळाखाली धुतला, ठेवला परत. पयल्या नंबरवर ठेवला."

"पहिल्या का? पहिला तुमचा."

"तुमचं गाव सगळ्याइत लांब. तुमीच त सांगतलं, टेलवाल्याले पयले."

मग लक्षात आलं, मागं रस्त्याचा आवाज नव्हता, ऑटोचा नव्हता. कुणीतरी बारीक कण्हत होतं.

"कुंदाबाई, कुठून बोलताय? निघालात ना?"

"नाई जी. सावंगीलेच हावो. कार लागली हाये. मालक जेवाले गेला."

"आणि ऑटो किती भरलीय?"

"पंचेचाळीस," त्या म्हणाल्या.